मेंदूतील पहारेकरी
मेंदूत चेतापेशींखेरीज त्यांची राखण करणाऱ्या पेशीही असतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ ऑर्तेगा यांनी १९१९ मध्ये रजतक्षाराने रंगवून त्या वेगळ्या ओळखल्या व त्यांना ‘मायक्रोग्लिया’ हे नाव दिले. आपल्या बारीक शाखांनी त्या भोवताल सतत चाचपतात आणि जंतू वा मृत पेशींचे अवशेष गिळून टाकतात. अल्झायमर रोगात साचणाऱ्या अमिलॉइड प्रथिनाभोवतीही त्या गोळा होतात. परंतु हा साठा हटेनासा झाला, की त्यांनी स्रवलेली दाहकारक द्रव्ये निरोगी चेतापेशींनाही इजा करू शकतात. उलट, या पेशींतील ‘ट्रेम-२’ जनुकाचे कार्य मंदावणाऱ्या बदलांमुळे रोगाचा धोका वाढतो, असे २०१३ मध्ये दिसून आले. म्हणजे पहारा ढिला पडला तरी हानीच! म्हणूनच दाह सरसकट दडपणे हा उपाय नव्हे. तो केव्हा व किती आवरावा, हाच खरा प्रश्न आहे.