गुण आला, पण कशाने?

पावसाळा सुरू झाला की काविळीचे रुग्ण वाढतात आणि त्यांच्याबरोबर काविळीचे औषध देणारेही. कोणी गळ्यात काड्यांची माळ घालतो, कोणी नाकात पाल्याचा रस पिळतो, कोणी चुन्याच्या पाण्याने हात धुऊन 'पिवळे पाणी' काढून दाखवतो. "डॉक्टरसाहेब, दहा जणांना दिले, नऊ बरे झाले," असे मला दरवर्षी ऐकवले जाते. मी ते खोटे मानत नाही. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची चार-सहा आठवड्यांत आपली आपणच ओसरते. माळ न घालणाऱ्या दहांपैकीही नऊच बरे होणार असतील, तर माळेने काय केले? (गरोदर बाईला कावीळ झाली असेल तर मात्र या चर्चेत वेळ घालवू नका. तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. शेवटच्या महिन्यांत ही कावीळ जिवावर बेतू शकते.)

म्हणजे औषध घेतलेल्यांचा एक गट आणि न घेतलेल्यांचा दुसरा गट, दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय काही कळत नाही. वैद्यकशास्त्रात याचे गाजलेले उदाहरण क्षयाचे आहे.

स्ट्रेप्टोमायसिनचा शोध अमेरिकेत लागला. महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये हे औषध फारच थोडे मिळत होते, सगळ्यांना पुरणे शक्यच नव्हते. तेव्हा ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने एक योजना आखली. पहिल्या महायुद्धात त्यांना स्वतःला क्षय झाला होता. दोन्ही फुप्फुसे बिघडलेले १०७ तरुण रुग्ण निवडले. कोणाला औषध मिळणार हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकल्यासारखे, बंद पाकिटांतून ठरवले. ५५ जणांना औषध व विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. एक्स-रे पाहणाऱ्यांना कोणता फोटो कोणत्या गटातला हे सांगितले नव्हते. १९४८ साली निष्कर्ष छापून आले. सहा महिन्यांत औषधाच्या गटातले ४ दगावले, दुसऱ्या गटातले १४.

आकडा बोलका आहे. पण शंकेखोर माणूस विचारील, हा निव्वळ योगायोग कशावरून नाही? शंका रास्त आहे. नाणे दहा वेळा उडवले आणि सात वेळा छापा पडला, तर नाणे खोटे म्हणता येत नाही. चांगल्या नाण्यातही सात किंवा जास्त छापे सुमारे सहा खेपांत एकदा पडतातच. पण शंभर वेळा उडवून सत्तर छापे पडले तर? ते चांगल्या नाण्यात लाखात चारेक वेळाच घडेल. प्रमाण दोन्हीकडे तेच, शेकडा सत्तर. फरक पडला तो संख्येने. म्हणून 'दहांपैकी नऊ' ऐकले की मी आधी 'दहाच का?' असे विचारतो.

कसोटीची रीत अशी. आधी औषधाचा काही उपयोग नाही असेच धरून चालायचे. मग एकूण १८ मृत्यू दोन्ही गटांत त्यांच्या संख्येप्रमाणे वाटले जायला हवेत, म्हणजे इकडे सव्वानऊ, तिकडे पावणेनऊ. प्रत्यक्षात पडले ४ आणि १४. अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांतली तफावत काय-वर्ग नावाच्या सूत्राने मोजतात. ही कसोटी कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली मांडली. दोन गट आणि 'जगले-दगावले' असे दोनच निकाल असताना उत्तर ३.८४ च्या वर गेले, तर केवळ योगायोगाने एवढी तफावत पडण्याची शक्यता शंभरात पाचांहून कमी. इथे उत्तर ७.३७ येते, म्हणजे ती शक्यता शंभरात एकाहून कमी. वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन करून पाहावे, शाळेतले गणित पुरते. प्रत्येक चौकटीतली तफावत घ्या, तिचा वर्ग करा, अपेक्षित आकड्याने भागा आणि चारही उत्तरे मिळवा.

कसोटी मात्र विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. इथे प्रश्न सहा महिन्यांचा होता. पाच वर्षांनी पाहिले तेव्हा औषध घेतलेल्या ५५ पैकी ३२ आणि दुसऱ्या गटातील ५२ पैकी ३५ मरण पावले होते. फरक जवळजवळ पुसला गेला. एकट्या स्ट्रेप्टोमायसिनला जंतू दाद देईनासे झाले होते. आज क्षयासाठी एकदम तीन-चार औषधे देतात ती याच अनुभवामुळे. "एवढ्या गोळ्या कशाला?" म्हणून त्यातली एखादी परस्पर बंद करणाऱ्यांनी हे आकडे पुन्हा वाचावेत.

कधी कधी फरक न सापडणे हीच मोठी बातमी असते. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयाच्या गरीब रुग्णांचे असेच चिठ्ठ्यांनी दोन गट केले. औषधे दोघांना तीच, एक वर्ष. एक गट सॅनिटोरियममध्ये, चांगला आहार आणि विश्रांती. दुसरा आपापल्या दाटीवाटीच्या घरात, बेताच्या जेवणावर. वर्षअखेर सॅनिटोरियममधले शेकडा ९२ आणि घरचे शेकडा ८६ जंतुमुक्त होते. सहाचा फरक दिसतो, पण एवढ्या रुग्णांत तो योगायोगानेही पडू शकतो असे कसोटीने दाखवले. याचा अर्थ दोन्ही उपचार तंतोतंत सारखे असा नव्हे. थोडा फरक असेलही. पण खाटा मोजक्या आणि रुग्ण लाखो, अशा देशात घरचा उपचार जवळजवळ तेवढाच गुण देतो, हे कळणे फार मोलाचे होते. घरच्या माणसांना लागण जास्त होईल ही भीतीही पुढच्या पाहणीत खरी ठरली नाही.

आज आपल्या जिल्ह्यातला क्षयाचा बहुतेक रुग्ण घरीच राहून बरा होतो. औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर तिथे बेडका तपासून घ्यावा.