राऊच्या कॉलेजच्या मंडळावर बसणाऱ्या माझ्या भाचीसाठी

पोरी, इंदूरजवळच्या राऊच्या कॉलेजच्या नियामक मंडळावर तुला घेतलं हे कळल्यावर मी देवापुढे साखर ठेवली आणि लगेच कपाटातली माझी हिरवी वही काढली. २१ वर्षं मी अशाच एका मंडळावर होते. कुठल्या ते तुला ठाऊक आहे, इथे नाव नको. तिथे करता येतील तेवढ्या चुका माझ्या हातून करून झाल्या आहेत, त्याच पुन्हा करण्यात तू दिवस घालवू नकोस.

तू हुशार आहेस, कष्टाळू आहेस, आणि लहानपणापासून समोरच्याचं वाक्य आपणच पुरं करायची तुला सवय आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

१. पहिल्या दोन सभांत कमी बोल आणि कोण कोणाकडे बघून मान हलवतं ते बघ — खरा होकार कुठून येतो ते एकदा कळलं की नंतर कोणाशी आधी बोलायचं ते आपोआप कळतं.

२. गेल्या तीन वर्षांची इतिवृत्तं मागून घे आणि घरी पेन्सिल घेऊन वाच — जो विषय दर वेळी ‘पुढील सभेत विचारार्थ’ म्हणून ढकलला गेलाय, तिथेच संस्थेचं दुखणं असतं. आमच्याकडे मी म्हणायचे, जुनं गळू नव्या सदऱ्याखालीच ठणकतं.

३. संस्थेची नियमावली स्वतःच्या अक्षरात उतरवून काढ, निदान मुदत, गणपूर्ती आणि मंडळाचे अधिकार एवढी पानं तरी — वाचलेलं विसरतं, लिहिलेलं सभेत ऐन वेळी आठवतं.

४. संस्थेची कार्यकारिणी वेगळी आणि कॉलेजचं नियामक मंडळ वेगळं, हे मनात पक्कं ठेव. पहिली चालते मध्यप्रदेशच्या १९७३ च्या सोसायटी कायद्याने, दुसरं विद्यापीठाच्या परिनियम २८ ने — दोन्हीकडे तीच चार माणसं बसली की एकाचा निर्णय दुसऱ्याच्या वहीत जातो, आणि तपासणीला आलेला माणूस पहिलं बोट तिथेच ठेवतो.

५. त्याच सोसायटी कायद्यातले ‘धारा २७-२८’ हे शब्द इथे सगळे उच्चारतात, पण तू पोचपावती बघ. सदस्यांची यादी आणि तपासलेला हिशेब रजिस्ट्रारकडे दर वर्षी गेला पाहिजे — यादी थकली की बँकेत सह्या बदलायला गेल्यावर आपण सदस्य आहोत हेच आपल्याला सिद्ध करत बसावं लागतं. पुण्याच्या तुझ्या काकांना विचार, त्यांच्याकडे हेच रडगाणं चेंज रिपोर्टचं असतं. विश्वस्त मंडळात बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो रिपोर्ट धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यायचा असतो, आणि लोक दोन-दोन मंडळं बदलली तरी देत नाहीत.

६. ओळखी शेजारीपण ठेव. सरकारी कॉलेजांत १९९६ पासून जनभागीदारी समित्या आहेत, प्राचार्यच त्यांचे सचिव असतात. त्यांच्यापैकी कोणाला चहाला बोलाव — फी, इमारत आणि नेत्यांचा दबाव ही तिन्ही दुखणी त्यांनी तुझ्याआधी सोसली आहेत.

आता कार्यसूचीचं. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथलीच.

७. कार्यसूची सात दिवस आधी हातात आली नाही तर सचिवांना गोड शब्दांत फोन कर, दर वेळी कर — चौथ्या वेळेपासून ती आपोआप येते.

८. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळचे विषय’ या ओळीखाली पैसा, नेमणूक, जमीन आणि फी या चार गोष्टी कधीही येऊ देऊ नकोस — ऐन वेळचा विषय हा बहुतेक वेळा कोणाच्या तरी मनात महिनाभर शिजलेला असतो, फक्त आपल्या पानात तो गरम पडतो.

तुझा मामेभाऊ कॅलिफोर्नियात आहे ना, तिकडे कम्युनिटी कॉलेजचे विश्वस्त मतदार निवडून देतात. त्यांना १९५३ चा ब्राउन कायदा लागू आहे: नियमित सभेची कार्यसूची ७२ तास आधी लोकांना दिसेल अशी लावायची, आणि तिच्यात नसलेल्या विषयावर एरवी निर्णय घ्यायचा नाही. तो सांगत होता तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते, आणि मला आमची एक जूनमधली सभा आठवली.

त्या सभेत ऐन वेळचा विषय आला: कॉलेजची वेळ साडेआठवरून सव्वासातला आणावी. प्रस्ताव वाईट नव्हता. प्रयोगशाळा दोन पाळ्यांत वापरता येणार होत्या, दुपारी इमारत मोकळी होणार होती, प्राध्यापकही खूश होते. २० मिनिटांत ठराव झाला आणि अनुमोदक मी होते. ऑगस्टमध्ये ग्रंथपालबाईंनी मला व्हरांड्यात थांबवलं आणि हजेरीपट उघडून दाखवला. आतल्या गावांतून येणाऱ्या मुलींच्या नावांपुढे पहिल्या तासाला खालपर्यंत सरळ रेघ होती, लाल शाईची. त्यांची पहिली बस फाट्यावर पोचायचीच पावणेआठला. त्यातल्या सहा जणींनी तोवर कॉलेज सोडलं होतं. दिवाळीनंतर आम्ही वेळ परत मागे आणली. पाच जणी आल्या. सहावीचं लग्न ठरून गेलं होतं.

त्या मुलीचं नाव मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. तुला ते दिसेल.

९. म्हणून प्रत्येक ठरावाआधी एकच प्रश्न विचार: सगळ्यात लांबून येणारी मुलगी यानंतर घरातून किती वाजता निघेल, आणि तिच्या बापाच्या खिशातून किती जाईल — बाकीचे प्रश्न दुसरं कोणीतरी विचारतंच, हा राहतो.

१०. ज्याच्यावर निर्णय पडणार त्याला आधी विचार, मग तो शिपाई असो की विभागप्रमुख — छपराखाली राहणाऱ्यालाच गळती कुठे आहे ते ठाऊक असतं.

११. पहिल्यांदा आलेला मोठा विषय त्याच सभेत संपवू नये, पुढच्या सभेपर्यंत तो मुरू द्यावा — पोळीसुद्धा कणीक मळल्या मळल्या लाटली तर फाटते.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण तू हिशेबात माझ्यापेक्षा बरी आहेस.

१२. तीन कोटेशनं आली की दरांआधी पत्ते आणि अक्षर बघ — तिन्ही एकाच टेबलावर लिहिलेली असली तर कागद स्वतःच सांगतो.

१३. आपल्या नात्यातल्या, ओळखीतल्या कोणाचं काम निघालं तर स्वतःहून सांग, खोलीबाहेर जा, आणि ‘अमुक सदस्य या विषयापुरत्या सभागृहाबाहेर होत्या’ असं लिहवून घे — आत गप्प बसून राहिलेल्या माणसाचंही मत मोजलं जातं, लोकांच्या मनात तरी.

१४. कोऱ्या चेकवर सही नाही, गावाला जायचं असलं तरी नाही — सोयीची सही गैरसोयीच्या दिवशीच उगवते.

१५. मुदतठेवींच्या पावत्या वर्षातून एकदा टेबलावर मांडून डोळ्यांनी मोज — ताळेबंदातला आकडा आणि तिजोरीतला कागद दर वर्षी भेटलेले बरे.

प्राचार्यांशी कसं वागायचं, यावर मला सगळ्यात जास्त विचारलं जातं.

१६. मंडळाने दिशा आणि पैसा ठरवावा, तास कोणी घ्यायचा ते प्राचार्यांनी — दोन हात एकाच लगामावर आले की घोडा उभा राहतो.

१७. एखाद्या प्राध्यापकाने घरी येऊन तक्रार केली तर पाणी दे, ऐकून घे आणि ‘हे लेखी प्राचार्यांकडे द्या, प्रत सचिवांना’ एवढंच म्हण — तू दिवाणखान्यात न्याय केलास की उद्यापासून कॉलेज तुझ्या दारात भरेल.

१८. चूक दाखवायची असेल तर एकट्यात, शाबासकी द्यायची असेल तर सभेत आणि इतिवृत्तात — माणूस कौतुकाच्या त्या एका ओळीवर वर्ष काढतो, मी पाहिलंय.

१९. आपले अधिकार दर वर्षी नव्याने तपास. राऊच्याच टेकडीवरचं आयआयएम बघ: २०१७ च्या कायद्याने तिथल्या मंडळाचे हात पुष्कळ मोकळे झाले, आणि २०२३ च्या दुरुस्तीने राष्ट्रपती त्या संस्थांचे अभ्यागत झाले, तशी पुन्हा काही सूत्रं वर गेली — एवढ्या मोठ्या ठिकाणी पाच-सहा वर्षांत चौकट हलते, तर आपली नियमावली जुन्या फायलीतली धरून बसू नये.

भांडणं होतील. चांगल्या माणसांतच होतील, आणि ते तुला जास्त लागेल. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ ची, फर्ग्युसन १८८५ चं, आणि १८९० साली टिळक तिथून बाहेर पडले. आजीव सदस्यांनी संस्थेबाहेरची कामं आणि कमाई करावी की नाही, यावर ती माणसं तुटली, आणि गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं तेव्हा वाद टोकाला गेला. आगरकर, टिळक, गोखले! यांच्यातल्या कोणाच्या त्यागाबद्दल शंका घ्यायची आपली लायकी नाही. मला त्यातून दिसतं ते एवढंच, की ‘किती वेळ संस्थेचा आणि किती स्वतःचा’ हा प्रश्न एकमेकांवरच्या प्रेमात असताना लिहून ठेवायचा असतो. रुसवा आल्यावर प्रत्येकाला त्याच नियमाचा वेगळा अर्थ आठवतो.

२०. तेव्हा मानधन, प्रवासखर्च, नातेवाइकांच्या नेमणुका आणि मुदत संपल्यावर खुर्ची सोडणं, यांचे नियम शांततेच्या वर्षी कर — पावसाळ्यात विहीर बांधायला कोणी गवंडी येत नाही.

२१. विरोधात मत दिलंस तर कारणासकट नोंदव, आणि बाहेर पडल्यावर ठरावाच्या बाजूने उभी राहा — राऊ सर्कलवरच्या चहाच्या टपरीवर मंडळ दोन झालेलं पोरांना दिसलं की कॉलेज दोन होतं.

२२. व्हॉट्सॲपच्या गटावर सभेची वेळ कळवावी, निर्णय घेऊ नये — अंगठ्याचं चित्र म्हणजे होकार, की नुसतं ‘वाचलं’, यावर आमच्याकडे एक अख्खी सभा गेली.

शेवटी वहीचं.

२३. ठराव सभेत मोठ्याने वाचून घे, शब्द तिथेच ठरव: काय करायचं, कोणी, कोणत्या तारखेपर्यंत, किती रुपयांत — ‘योग्य ती कार्यवाही करावी’ असं लिहिलं की ती कोणीच करत नाही.

२४. इतिवृत्ताच्या वहीला छापील पृष्ठक्रमांक हवेत आणि ठराव संपला की उरलेल्या कोऱ्या जागेवर आडवी रेघ हवी — मोकळी जागा ही न झालेल्या सभेची जागा असते.

२५. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ या विषयाला कोणीही घड्याळ बघू देऊ नकोस, तिथेच विचार की मागचं काय झालं, काय राहिलं — अर्धी राहिलेली कामं ऐकायला नको वाटतात, म्हणूनच ती मोठ्याने वाचायची.

इंदूरला होळकर कॉलेजवरून जाशील तेव्हा रिक्षा जरा हळू घ्यायला सांग. शिवाजीराव होळकरांनी ते १८९१ साली काढलं. त्या वेळच्या कारभाऱ्यांपैकी कोणाचं नाव आज तिथल्या पोरांना माहीत असेल? तरी पोरं रोज त्यांनी ठरवलेल्या जागी जाऊन शिकतात.

तुझी पहिली सभा शनिवारी चारला आहे म्हणालीस. साडेतीनलाच पोच आणि वर जाण्याआधी पाच मिनिटं फीच्या खिडकीपाशी उभी राहा. मुली पैसे कसे मोजून देतात ते बघ, रुमालाच्या गाठीतून काढतात काही जणी अजून. मग वर जा. हिरवी वही मी पिशवीत घालून दाराशी ठेवली आहे, शुक्रवारी संध्याकाळी येऊन घेऊन जा, आणि जेवूनच जा. तुझ्या आवडीची दुधीची भाजी करते.