समुद्राकाठच्या शहरात टोर्नेडो क्वचित का?

चैत्र-वैशाखात नांगरलेल्या रानात उठणारी वावटळ आपण नेहमी पाहतो. तापलेल्या जमिनीवरून ती उठते व घटकाभरात विरते. टोर्नेडो मात्र गडगडाटी ढगाच्या बुडातून सोंडेसारखा जमिनीपर्यंत उतरतो. चक्रीवादळ त्याहून निराळे. ते समुद्रावर जन्मते व शेकडो किलोमीटर पसरते. या तिन्हींची गल्लत पुष्कळजण करतात.

टोर्नेडोला खाली उबदार दमट हवा, वर थंड कोरडी हवा आणि उंचीबरोबर वेग व दिशा बदलणारा वारा लागतो. अमेरिकेच्या मध्यभागी हे तिन्ही एकत्र येतात. २२ मे २०११ रोजी तेथील जॉप्लिन शहरात एकाच टोर्नेडोने दीडशेहून अधिक माणसे दगावली.

त्याच देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्कोत असे सहसा घडत नाही. उंच इमारती वादळाला अडवतात, असे काहीजण सांगतात. ते खरे नव्हे. १२ मे १९९७ रोजी मायामी शहरात टोर्नेडो उंच इमारतींजवळूनच गेला. मायामीही समुद्राकाठीच आहे, पण तिथले पाणी कोमट. सॅन फ्रान्सिस्कोजवळ उत्तरेकडून थंड प्रवाह येतो, शिवाय खोलातले गार पाणी वर येते. भर उन्हाळ्यातही ते साधारण १५ अंशांच्या आसपासच असते. त्यावरची हवा गार व जड होते, आणि तिच्यावर उबदार हवेचा थर भांड्यावरच्या झाकणासारखा बसतो. खाली धुके दाटते, पण ढगाला उंच चढता येत नाही.

हिवाळ्यातील वादळांत हे झाकण निघते. १४ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहराला टोर्नेडोचा इशारा प्रथमच देण्यात आला. त्याच दिवशी दक्षिणेकडील स्कॉट्स व्हॅली गावात टोर्नेडोने मोटारी उलथवल्या.

गोव्याचा समुद्र उबदार आहे, तरीही तेथे टोर्नेडो विरळाच. वळिवाच्या दिवसांत उंचावरचा जोरदार वारा मुख्यतः उत्तर भारतावर असतो. पावसाळ्यात वारा जोराचा, पण वर कोरडी थंड हवा नसते. बांगलादेशात वैशाखी वादळांत सारे जुळते. २६ एप्रिल १९८९ रोजी तेथे टोर्नेडोने सुमारे १३०० बळी घेतले.

बेळगावकडील रानात खरी भीती वळिवाच्या विजेची. गडगडाट ऐकू येताच औत सोडून पक्क्या घरात जावे; झाडाखाली थांबू नये, गुरेही तेथे बांधू नयेत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच राहावे.