मुलगा म्हणतो गाडीला हेडर बसवूया : एका नळीतले तीन पाठ



आठवी-नववीपासून पुढच्या मुलांच्या मोबाईलमध्ये एका प्रकारचे व्हिडिओ हमखास सापडतात. कुणीतरी घराच्या दारात गाडी जॅकवर चढवतो, इंजिनाला चिकटलेला जुना गंजका भाग काढतो आणि त्या जागी चकचकीत, वळणदार नळ्यांचा जुडगा बसवतो. हा जुडगा म्हणजे हेडर. पंधरा मिनिटांत काम खलास, गाडी गुरगुरते, आणि आपला पोरगा म्हणतो, "पप्पा, घरीच होतं हे. पॉवर वाढते!"

"गप अभ्यास कर" हे उत्तर आपल्याकडे तयार असतंच. पण ध्वनी, उष्णता आणि रासायनिक अभिक्रिया हे तिन्ही पाठ या नळीत आहेत. मुलगा स्वतःहून विज्ञानाचा प्रश्न घेऊन आलाय, तर त्याला खरं उत्तर मिळायला हवं.

आधी जुना भाग कशाला असतो ते बघू. चार सिलिंडरच्या इंजिनातून जळालेला वायू चार तोंडांतून बाहेर पडतो. ही चार तोंडं एकत्र करून पुढच्या पाईपला जोडणारा भाग म्हणजे मॅनिफोल्ड. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो बिडाचा, जाड आणि आखूड असतो. कंपनीने तो अडाणीपणाने तसा केलेला नाही. बीड स्वस्त, टिकाऊ, आवाज दाबणारं. मात्र आखूड वाटेत एका सिलिंडरचा वायू दुसऱ्याच्या वाटेत येतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःची लांब नळी मिळते आणि चारही नळ्या पुढे एकत्र येतात.

आता मुलांना गणित घालूया. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेतंय, म्हणजे सेकंदाला 50. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोनदा वायू बाहेर पडतो. म्हणजे सेकंदाला 100 धक्के! मुलांना ऐकू येणारी गुरगुर मुख्यतः याच धक्क्यांची. नववीतला वारंवारतेचा धडा इथे आपोआप येतो.

प्रत्येक धक्का म्हणजे एक संपीडन. ते नळीतून पुढे जातं, आणि नळ्या एकत्र येतात तिथे जागा एकदम मोठी झाली की त्याचा काही भाग विरलन होऊन उलटा फिरतो. हे विरलन नेमक्या वेळी इंजिनाच्या तोंडाशी पोचलं तर आतला उरलासुरला वायू ओढून बाहेर काढतं. हेडरची करामत मुख्यतः एवढीच.

पण "नेमक्या वेळी" या शब्दांत सगळी गोम आहे. हवेत ध्वनीचा वेग 27 अंश सेल्सिअसला, म्हणजे 300 केल्विनला, सेकंदाला साधारण 347 मीटर. नळीतला वायू 900 केल्विनचा धरला तर तापमान तिप्पट, म्हणून वेग √3 पट, म्हणजे सुमारे 600 मीटर. नळी 75 सेंटिमीटरची असेल तर जाऊन-येऊन दीड मीटर. वेळ लागला 2.5 मिलिसेकंद. नळीची लांबी बदलत नाही, म्हणून हा वेळही फारसा बदलत नाही. इंजिनाचा वेग मात्र सारखा बदलतो. मिनिटाला 6000 फेरे असताना तेवढ्या वेळात इंजिन 90 अंश फिरतं, 3000 असताना फक्त 45 अंश. म्हणजे एका लांबीची नळी वेगाच्या एका टप्प्यातच नीट जुळते. शर्यतीची गाडी त्या वरच्या टप्प्यात पळते. आपली गाडी मात्र सिग्नल ते सिग्नल 1500 ते 2500 फेऱ्यांत चालते, तिथे फायदा नावापुरता, कधी उलट ओढ कमी झालेली जाणवते. आवाज तेवढा वाढतो, आणि आवाज वाढला की पॉवर वाढल्यासारखी वाटते. हे गणित मुलाकडूनच करून घ्या. आपण सांगितलेलं पटत नाही, स्वतः काढलेलं पटतं.

आता रसायनशास्त्र. इंजिनाच्या पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा डबा असतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे धातू उत्प्रेरक म्हणून बसवलेले असतात. विषारी कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइड होतं, न जळालेल्या इंधनाचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा परत नायट्रोजन. हा डबा चांगला तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून अनेक नव्या गाड्यांत तो मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. अशा गाडीला हेडर बसवायचा म्हणजे हा डबाच काढून टाकायचा! व्हिडिओत हे कुणी सांगत नाही. इथे पालकांनी सरळ नाही म्हणावं, आणि कारण सांगून म्हणावं.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायदा, 1988 मधल्या कलम 190(2) प्रमाणे आवाजाची आणि हवेच्या प्रदूषणाची मर्यादा मोडली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय तीन महिने लायसन्स जातं. गाडीत बेकायदा फेरफार केल्याबद्दल मालकासाठी वेगळं कलम आहे. आरसी बुकावर नाव मुलाचं नसतं, आपलं असतं.

मग हे काम घरी शिकूच नये का? शिकावं की! जुन्या गाडीचा मॅनिफोल्ड तडकला किंवा गॅस्केट जळलं तर कंपनीचाच नवा भाग बसवताना बहुतेक याच पायऱ्या असतात. माहीतगार मोठा माणूस शेजारी हवा, हे गृहीत धरतो.

सगळ्यात आधी जॅक. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. सपाट, पक्की जमीन, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, आणि गाडी दोन मजबूत स्टँडवर टेकवून, हाताने हलवून बघितल्याशिवाय कुणाचंही डोकं खाली जाता कामा नये. विटा चालत नाहीत. वीट आधी न सांगता फुटते. या एका गोष्टीवर मुलाशी वाद घालायचा नाही.

इंजिन पूर्ण गार हवं. बॅटरीची ऋण तार काढलेली हवी. जुने नट गंजून घट्ट झालेले असतात, त्यांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवावा. जोर लावला की स्टड तुटतो, आणि तुटका स्टड इंजिनातून काढणं हे घरचं काम नाही. पाना थोडा सैल, थोडा घट्ट, पुन्हा सैल, असं आट्यांना खेळवत काढावं. ऑक्सिजन सेन्सर तारेवर लोंबकळत ठेवू नये. जुन्या गॅस्केटचे तुकडे खरवडताना इंजिनाच्या ॲल्युमिनियमला ओरखडा जाऊ देऊ नये, नाहीतर तिथूनच गळती होते. गॅस्केट दरवेळी नवंच.

बसवताना सगळे नट आधी नुसत्या हाताने लावायचे. मग मधल्यापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत आवळायचे. का? आधी टोकं आवळली तर पट्टी मध्ये फुगते. शिवाय प्रसरण आहेच: अर्धा मीटर पोलादी पट्टी 500 अंशांनी तापली तर सुमारे 3 मिलिमीटर लांब होते. आठवीच्या मुलाला गुणांक 0.000012 द्या, तो करून दाखवेल.

गाडी सुरू करायची ती उघड्यावर. बंद गॅरेजमध्ये किंवा बिल्डिंगच्या तळघरात कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. पहिली काही मिनिटं थोडा धूर येतो, तो बहुधा भागांवरच्या तेलाचा असतो. गळती शोधायला एक रबरी नळी घ्यावी, एक टोक कानाशी, दुसरं जोडापासून बोटभर लांब धरून फिरवावं. पंखा आणि पट्ट्यापासून हात व नळी दूर. गळती असेल तिथे टिक-टिक ऐकू येते. हे काम मुलाला द्या, त्याचे कान आपल्यापेक्षा तिखट असतात. दुसऱ्या दिवशी, इंजिन पुन्हा गार झाल्यावर, तोच पाना, तोच आकडा, मधल्या नटापासून एकदा तपासून घ्यायचं.