टपालाने जुळलेले सूर

बेन गिबर्ड हा 'डेथ कॅब फॉर क्यूटी' या अमेरिकन रॉक बँडचा प्रमुख गायक. गिटार आणि ड्रम हा त्या बँडच्या संगीताचा पाया होता. तो बँड न सोडता गिबर्डने एक वेगळी वाट चोखाळली. लॉस एंजलिसचा संगीतकार जिमी टॅम्बोरेलो संगणकावर ताल आणि सुरावटी रचून त्यांचे ध्वनिमुद्रण टपालाने सिअॅटलला पाठवी. गिबर्ड त्यात शब्द, चाल आणि आपला आवाज मिळवून ते परत धाडी. म्हणूनच या उपक्रमाचे नाव 'द पोस्टल सर्व्हिस' असे पडले.

२००३ साली त्यांचा 'गिव्ह अप' हा अल्बम प्रकाशित झाला. अमेरिकेच्या टपाल खात्याने नावाला हरकत घेतली. परंतु २००४ मध्ये समेट होऊन नाव कायम राहिले. २००३ मध्येच गिबर्डच्या मूळ बँडचाही नवा अल्बम आला. नवे शिकण्यासाठी जुने टाकावेच लागते असे नाही. मात्र दुसऱ्याच्या कामासाठी आपल्या कामात जागा ठेवावी लागते.

पाठगत प्रश्न
१. 'द पोस्टल सर्व्हिस' हे नाव कशावरून पडले?
२. गिबर्डच्या प्रयोगातून कोणता बोध मिळतो?