गृहपाठाची सवय आणि मुलांचे आरोग्य

वैद्यकीय स्मरणिकेत गृहपाठाचा विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पोटदुखीची तक्रार घेऊन माझ्याकडे येणाऱ्या काही शाळकरी मुलांच्या सर्व तपासण्या निर्दोष निघतात. अधिक विचारपूस केल्यावर कळते, की दुखणे दप्तर उघडण्याच्या वेळी सुरू होते आणि सुट्टीत नाहीसे होते. हे ढोंग नव्हे. मानसिक ताणाने आतड्याची हालचाल व संवेदना खरोखरच बदलतात.

केंद्र शासनाच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा. तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला २ तास, सहावी ते आठवीसाठी रोज १ तास व त्यापुढे रोज २ तास ही कमाल मर्यादा आहे. मुलाला नेहमीच याहून फार अधिक वेळ लागत असेल, तर रागावण्यापूर्वी शिक्षकांशी बोलावे. दृष्टी व श्रवण तपासावे. वाचनाची अडचण अथवा चंचलता आहे का, तेही पाहावे.

सवय लागते ती ठराविक वेळेने व ठराविक जागेने. शाळेतून आल्यावर खाणे, खेळणे व्हावे, मग अभ्यास. त्या वेळी घरातील दूरदर्शन संच बंद असावा आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत. पालकांनी जवळ बसावे, मात्र उत्तरे सांगू नयेत. वहीतली चूक पालकांनीच दुरुस्त केली, तर मुलाचे काय अडले हे शिक्षकांना समजत नाही. निदानापूर्वी वेदनाशामक देऊन लक्षण झाकावे, तसेच ते होते. अपूर्ण गृहपाठासाठी झोप मोडू नये. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, तर १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप आवश्यक असते.

आपल्या इंदुरात घरी मराठी, बाहेर हिंदी आणि शाळेत बहुधा इंग्रजी. त्यामुळे अनेक आज्यांना वाटते, की नातवंडांच्या अभ्यासात आपला उपयोग नाही. वस्तुतः "आज काय शिकलास, मला सांग बघू," एवढे आजीने विचारले, तरी पुरे. शिकलेले आठवून आपल्या भाषेत सांगताना ते स्मरणात पक्के होते आणि न समजलेला भागही उघड होतो. पहिल्या काही तासांतच विस्मरण सर्वाधिक वेगाने होते, हे एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवले होते. म्हणून हा प्रश्न त्याच संध्याकाळी विचारावा.

व्यवसायबंधूंना विनंती, की अशा मुलाचे पोट तपासताना त्याच्या दप्तराचीही चौकशी करावी.