मुंबई समुद्रातून पाहायची तर सकाळीच

प्रश्न : वयस्कर आई-वडिलांना बोटीतून मुंबई दाखवायची आहे. घारापुरी की गेटवेची छोटी फेरी?

उत्तर : गुडघे कुरकुरत असतील तर अर्ध्या तासाची छोटी फेरीच बरी. घारापुरीला पोहोचायलाच तासभर लागतो, वर लेण्यांपर्यंत शंभराहून अधिक पायऱ्या.

वेळ मात्र सकाळची. गेटवेचं तोंड पूर्वेला, बंदराकडे आहे. कोवळं ऊन थेट पिवळसर बेसाल्टच्या कमानीवर पडतं आणि दगडी जाळ्या बोटीतूनही उठून दिसतात. दुपारनंतर सूर्य इमारतींमागे सरकतो.

शेजारच्या ताजचा लाल घुमट आवर्जून पाहावा. हॉटेल १९०३ चं, गेटवे १९२४ चा. त्यामुळे तब्बल एकवीस वर्षं समुद्रातून येणाऱ्यांचं स्वागत ताजनेच केलं!

लाइफ जॅकेट घातल्याशिवाय आई-वडिलांना बोटीत बसवू नये.